पाणी येईपर्यंत

पेज उतू गेली आणि चुलीत चर्र झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ जागची हललेली नाही.

घर इतकं गप्प होतं की त्या एवढ्याशा आवाजानं मी दचकले. वाडीत माणूस नव्हतं. परबांच्या मुलीचं लग्न होतं सावंतवाडीला, आणि झाडून सगळे गेले होते. वाडीतली एकुलती एक रिक्षासुद्धा वऱ्हाडाबरोबर गेलेली. मागे राहिलो ते मी आणि माझे सासरे, आबा. मला आठवा महिना लागला होता, गाडीतले धक्के नकोत म्हणून मी घरी. आणि सुनेला एकटी टाकायची नाही म्हणून आबा घरी. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. माझा नवरा दिगंबर जहाजावर.

मी चुलीपुढे पाटावर बसले होते, पोटावर हात ठेवून. वाट बघत होते. रोज सकाळी पेज ढवळायला लागले की आतून एक ढुशी यायची. जणू वास पोचायचा तिथपर्यंत. मी हसून म्हणायची, थांब जरा, ताटात तरी पडू दे. त्या दिवशी पेज शिजली, उतू गेली, विस्तवावर पडून करपली, तरी ढुशी आली नाही. मग आठवू लागले की शेवटची कधी आली होती. काल संध्याकाळी तुळशीशी दिवा लावताना आली होती, हे नक्की. त्यानंतरचं आठवेना.

मी पेजेचं भांडं उतरवलं. गार पाणी प्यायले. उजव्या कुशीवर पडून पाहिलं, मग डाव्या. पोटाला बोटानं हळूच टोचलं, आणि टोचल्यावर मलाच वाईट वाटलं. आत कुणी झोपलेलं असावं तसं होतं, जड आणि शांत.

मागच्या वेळीही असंच झालं होतं.

पहिल्या बाळाच्या वेळी गावच्या देवळात, रवळनाथापुढे, रीतसर गाऱ्हाणं घातलं होतं. कोकणात ही पद्धत आहे. एकानं देवापुढे उभं राहून मोठ्यानं घरादाराचं सगळं सांगायचं, दुखणं, अडचण, मागणं. आणि तो थांबला की बाकीच्यांनी म्हणायचं, व्हय महाराजा. मी घाटावरची, आजऱ्याकडची. मला लग्नानंतर हे पहिल्यांदा ऐकून गंमत वाटली होती. देवाला हात जोडणं मला माहीत होतं, असं तोंडावर सांगणं नव्हतं. आणि आमच्या गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान आबांचा. कुणाची म्हैस हरवली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाचा मुलगा परगावी निघाला, की आबांना बोलावणं यायचं. त्यांचा आवाज असा लागायचा की उभ्या माणसांना वाटावं, देव समोर पाटावर बसून ऐकतोय.

फक्त एक नियम होता. घरच्यानं घरासाठी बोलायचं नाही. स्वतःच्या घराचं गाऱ्हाणं दुसऱ्या घरच्या तोंडानं जायला हवं. म्हणून आमचं गाऱ्हाणं आबांच्या चुलतभावानं घातलं. नारळ ठेवला, विडा ठेवला, औक्षवंत होऊ दे म्हणाला, आणि आम्ही सगळे व्हय महाराजा म्हणालो. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. दिगंबर पोचू शकला नाही. आबांनीच त्याला आपल्या धुतलेल्या पंचात गुंडाळून नेलं आणि एकटेच परत आले.

तेव्हापासून मी देवाशी बोलणं सोडलं. भांडण वगैरे काही नाही. ज्या घरी आपलं ऐकत नाहीत त्या घरावरून जाताना आपण जसे नुसते पुढे जातो, तसं. आबा दिवा लावत राहिले, पण गाऱ्हाण्याला कुणी बोलवायला आलं की घसा बसलाय म्हणायचे. त्यांचा घसा कधी बसलेला मी पाहिला नाही.

तर त्या सकाळी मला आबांना सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. सासऱ्यांशी असलं काही बोलायची आमच्याकडे रीत नाही. डोहाळे, दुखणं, सगळं परबकाकीला सांगायचं आणि तिनं ते आपल्या भाषेत फिरवून आबांपर्यंत पोचवायचं. परबकाकी मुलीच्या मांडवात होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. आबा ओटीवर सुपारी कातरत होते.

"आबा," मी म्हटलं, "बाळ गप्प आहे."

अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पायरीकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"सकाळपासून. कदाचित रात्रीपासून."

ते उठले. आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि तळहातावर माझ्यापुढे धरला. माझी खरी भीती तिथून सुरू झाली. तोवर मला वाटत होतं, की ते म्हणतील, काही नाही गो, पोरं निजतात.

वाडीतल्या बाळंतिणींचं बघणाऱ्या आशाताईला फोन लावला. ती लग्नातच होती, मागे बॅन्ड वाजत होता. ती बाजूला गेली असावी, कारण बॅन्ड लांब गेला आणि तिचा आवाज एकदम बदलला. गूळ खा, डाव्या कुशीवर पड, आणि तरी हललं नाही तर अजिबात थांबू नका, म्हणाली. सरकारी गाडीला मीच फोन करते. थोड्या वेळानं तिचाच पुन्हा फोन आला, की गाडी रस्त्यानं वाडीत यायची तर खाडीला मोठा वळसा पडतो, त्यापेक्षा गाडी पलीकडच्या धक्क्यावर येऊन थांबेल, तुम्ही तरीनं पार या.

तर म्हणजे आमच्या खाडीवरची होडी. धक्क्याशीच राहणारा जुजे फर्नांडिस ती चालवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. खाली धक्क्यापर्यंत उतार होता. आबा पुढे, मी मागे, दोन्ही हातांनी पोट धरून. अधूनमधून ते थांबायचे आणि मागे न बघता हात मागे करायचे. मी तो हात धरायची. त्याआधी मी त्यांचा हात कधी धरला नव्हता.

धक्क्यावर पोचलो आणि मी पाहिलं, की खाडीत पाणीच नाही.

सुकती होती, म्हणजे ओहोटी. जिथं होड्या चालायच्या तिथं काळा, चकचकीत चिखल पसरला होता आणि त्यावर बगळे चालत होते. मधोमध पाण्याची एक बारीक रेघ. पलीकडच्या काठावर, माडांच्या खाली, पांढरी गाडी येऊन उभी होती. दिसत होती स्वच्छ. तिचं दार उघडं होतं. एक माणूस आमच्याकडे बघून हात हलवत होता.

जुजे होडीत बसून नारळाच्या करवंटीनं तळातलं पाणी उपसत होता. आबांनी त्याला काय झालं ते सांगितलं. मोजक्या शब्दांत, माझ्याकडे पाठ करून.

"आबानू, पाणी खय असा?" जुजे म्हणाला. "बघतास मा, सगळो रेंदो. आता होडी घातली तर मध्येच रुततली. मगे मागे नाय नि फुडे नाय."

"कधी येतला?"

"सुकती सरत इली. परततला आता. पण तेच्या येळार." मग माझ्याकडे बघून तो जरा खाली आवाजात म्हणाला, "बस गो बाय. उन्हात उभी रवा नको."

चिखलातून चालत जाणं शक्य नव्हतं. त्या रेंद्यात धडधाकट माणूस कमरेपर्यंत जातो. मी धक्क्यावरच्या दगडी बाकावर डाव्या कुशीवर पडले, डोक्याखाली आबांचं उपरणं. तोंडात गुळाची चव चिकटली होती. पोटावर हात होता, आणि सगळं अंग त्या एका हातात गोळा झालं होतं. मधेच काही तरी जाणवल्यासारखं वाटायचं आणि मी श्वास धरायची. ती माझीच नाडी असायची.

पलीकडची ती पांढरी गाडी मला बघवत नव्हती आणि तिच्यावरून नजर काढवतही नव्हती.

आबा धक्क्यावर येरझारा घालत होते. मग एकदम जुजेपुढे जाऊन थांबले.

"जुज्या, तू सांग."

"काय सांगू?"

"गाऱ्हाणा. माका घरच्यासाठी बोलूचा नाय. वाडीत दुसरो कोण नाय. तू दुसऱ्या घरचो."

जुजे हातातली करवंटी खाली ठेवून बघत राहिला. म्हणाला, "मी? आबानू, माका पाठ असा सगळा. तुमची गाऱ्हाणी आयकानच मोठो झालंय. पण तुमचो देव म्हणतलो, दर आयताराक इगर्जीत जाणारो ह्यो आज माझ्या दारात कसो?"

"तो तसा म्हणाचो नाय."

"तो नाय म्हणाचो. पाद्री म्हणतलो."

एरवी आबा यावर खोखो हसले असते. त्यांची आणि जुजेची अशी थट्टा रोजची होती. त्या दिवशी हसले नाहीत, आणि जुजेच्याही चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात विरून गेलं. तो ओशाळून म्हणाला, की मी माझ्या सायबिणीला, मेरीमातेला, मनात केव्हापासून सांगतोय, चुलीवर भात ठेवावा तसं एकसारखं; पण तुमच्या देवाचे शब्द माझ्या तोंडून चुकले तर त्याचं पाप या पोरीच्या डोक्यावर नको.

आबा वळले. आमच्या वाडीच्या मागे जिथं देऊळ आहे त्या दिशेला तोंड करून उभे राहिले आणि हात जोडले. नियम मोडायचं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

"बा देवा रवळनाथा," ते म्हणाले.

पुढचा शब्द आला नाही. मी वाट बघितली. जुजेनं वाट बघितली. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खं गाव मान डोलवायचं तो नुसता उभा होता, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मानेवरची शीर हललेली दिसत होती. मला तेव्हा कळलं, की पंचात गुंडाळून नेलं त्या दिवसापासून त्यांचा घसा खरंच बसलेला होता.

आणि मला त्या बाकावर इतकं एकटं वाटलं, की वाटलं आता मी ओरडेन.

"मी बोलू?" मी म्हटलं.

आबांनी मागे पाहिलं.

"मी कुठं घरची आहे? घाटावरची आहे. तुम्हीच म्हणता."

हे ते थट्टेत म्हणायचे. भाकरी थापताना बघून, बोलण्यात एखादा शब्द वेगळा आला की. कधी त्यानं मला टोचलंही होतं. त्या क्षणी मात्र ते काही तरी धरायला मिळावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

"बाईमाणूस बोलत नाही का?" मी विचारलं.

"कोण बोललेला माका म्हायत नाय," आबा म्हणाले. "बोल."

मी उठून बसले. मला ते पहिले शब्द येत नव्हते, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या वगैरे. मी डोळे मिटले नाहीत. चिखलाकडे बघत बोलले.

"देवा, मी तुझ्याशी बोलत नाही. तुला माहीत आहे."

मी थांबले, कारण पुढं काय ते मला ठाऊक नव्हतं. आणि त्या थांबण्यात आबांचा आवाज आला, सवयीनं, खोल:

"व्हय महाराजा."

मी हे देवाला सांगत होते, आणि ते हो म्हणत होते. हो, ती बोलत नाही.

"मागच्या वेळी तुला नारळ दिला होता. सगळं रीतीनं केलं होतं."

"व्हय महाराजा."

"माझं बाळ गेलं. मी त्याचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही. मला बघू दिलं नाही, आणि मीही बघितलं नाही."

"व्हय महाराजा." या वेळी आबांचा आवाज फुटला, आणि त्याच्या खाली दुसरा एक आवाज होता. जुजे होडीत उभा होता, टोपी काढून.

"आता हे गप्प आहे. त्याचा बाप इथं नाही. ती गाडी समोर दिसते आणि मला जाता येत नाही."

"व्हय महाराजा."

"मला भीती वाटते. मला सकाळपासून नाही, पहिल्या दिवसापासून भीती वाटते. मी याला नाव ठेवलेलं नाही. एकही झबलं शिवलेलं नाही. काकी विचारते तेव्हा मी म्हणते, शिवीन. मला शिवायची भीती वाटते."

"व्हय महाराजा."

दोघे म्हणत होते. मी बोलत गेले आणि ते म्हणत गेले. कुणी म्हटलं नाही, असं बोलू नये. कुणी म्हटलं नाही, सगळं चांगलं होईल. माझी एकेक गोष्ट बाहेर पडत होती आणि तिच्याखाली कुणी हात धरत होतं.

मग मागण्याची वेळ आली. गाऱ्हाण्यात शेवटी मागायचं असतं. आबा हात जोडून वाट बघत होते. मला शब्द ठाऊक होते, बाळ सुखरूप असू दे. ते ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. ते एकदा मागून झालं होतं. पुन्हा मागितलं आणि पुन्हा नाही मिळालं, तर मी कुठं जाणार होते?

बगळे चालत होते. पलीकडचा माणूस गाडीला टेकून उभा होता.

"माग गो," आबा हळूच म्हणाले.

"बस इथं," मी म्हटलं. आबांना नाही. "नुसता बस. पाणी येईपर्यंत इथं बस माझ्याजवळ. जाऊ नको."

या वेळी व्हय महाराजा लगेच आलं नाही. मला वाटलं, हे मागणं रीतीत बसत नसावं. मग आबा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. त्या घरात आल्यापासून ते कधी माझ्या शेजारी बसले नव्हते. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले.

"व्हय महाराजा," ते म्हणाले.

बाळ हललं नाही. भीती होती तिथंच होती, छातीवर धोंडा ठेवल्यासारखी. पण मला श्वास घेता येत होता. मी बाकावर परत आडवी झाले, माझं डोकं आबांच्या मांडीजवळ, आणि पोटावर हात ठेवून त्या चिखलाकडे बघत राहिले. खाली, एका दगडाच्या कडेनं, फेसाची एक ओळ सरकत येत होती.

होडी निघाली तेव्हा पाणी पुरतं आलेलं नव्हतं. जुजेनं बांबू रोवून रोवून ती जवळजवळ चिखलावरून ढकलली. मधे एकदा ती रुतली, आणि आबा धोतर वर खोचून सरळ खाली उतरले. जुजे ओरडत होता, आबानू, तुमका काढूक माका आनी एक होडी लागतली. आणि आबा मांड्यांपर्यंत चिखलात उभे राहून होडीला खांदा देत होते. पलीकडच्या माणसानं आणि ड्रायव्हरनं मला उचलून घेतलं. गाडीत आबांच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा होत गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं आणि फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर. मी छताकडे बघत मनात म्हणत होते, बस, बस, उठू नको अजून. त्यांनी यंत्र खाली सरकवलं. आणि मग आलं. फार हळू, मधेच अडखळणारं, पण आलं. बाईंनी माझ्याकडे न बघता नर्सला काही तरी सांगितलं आणि सगळे पळायला लागले. नाळेचा गळ्याभोवती वेढा होता. पोट उघडावं लागणार होतं.

आबांना दाराबाहेर थांबवलं. दार पूर्ण लागत नव्हतं. वर दिवा लागला, कमरेखालचं माझं मला कळेनासं झालं, दातावर दात वाजत होते, आणि मी आतल्या आत बोलत होते. आणि बाहेरून, मधे मधे, आबांचा आवाज येत होता. व्हय महाराजा. आत काय बोललं जातंय ते त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी ते म्हणत होते. एक नर्स बाहेर गेली आणि तिनं बजावलेलं मी ऐकलं, बाबा, इथं आवाज करू नका. मग तो आवाज आणखी खाली गेला, पण थांबला नाही.

मुलगी झाली. निळसर, मुठीएवढी, आणि आधी रडली नाही. मग रडली.

हे सगळं आता पुष्कळ मागे पडलं. जाई आता बालवाडीत जाते. दुपारी ती आबांजवळ ओटीवर लोळते तेव्हा मला थोडा वेळ मिळतो. ती गोष्ट आबा तिला पुन्हा पुन्हा सांगतात, तिच्या आधी आलेल्या आणि गेलेल्या दादापासून. त्यांच्या सांगण्यात चिखल दर खेपेला आणखी खोल होतो, आणि जुजे होडीतून पडतो, जो खरं तर पडला नव्हता. जुजे समोर असला की तोही म्हणतो, पडलेलंय गो, डोकीपर्यंत. जाईला त्यातला एकच भाग फार आवडतो, आई देवाला बस म्हणाली तो. तिथं ती आबांना थांबवून स्वतः म्हणते, व्हय महाराजा. मोठ्यानं, हात जोडून.

काल आबा दुपारचे झोपले होते. मी स्वयंपाकघरात कोकमं वाळत घालत होते. ती आली, माझ्या पाठीला टेकून बसली, माझ्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. असं गप्प ती क्वचितच बसते. मी विचारलं, काय गं?

"आई," ती म्हणाली, "दादाच्या वेळी देवाला बस म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं का?"